कपाटातला पारा

मी रक्तदाब मोजायचं जुनं यंत्र बोलतोय. हो, पाऱ्याचं! बटण दाबलं की आपोआप कुरकुरणारं आजकालचं नव्हे हं. पत्र्याची पेटी, काचेची नळी, दंडाला गुंडाळायचा कापडी पट्टा आणि हवा भरायचा रबरी फुगा, एवढाच माझा संसार. स्वभावानं मी सरळ. समोर राव असो की रंक, पारा थांबायचा तिथंच थांबतो. तोंडदेखलं बोलणं मला जमत नाही.

डॉक्टरांनी मला आणलं तेव्हा दवाखान्याच्या भिंतींचा रंगही वाळला नव्हता. पहिला पट्टा त्यांनी आपल्या मोठ्या बहिणीच्या दंडाला बांधला. "ढब्बू, हळू आवळ की! हात आहे माझा, पिशवीचं तोंड नाही!" ती ओरडली, आणि डॉक्टर पदवीबिदवी विसरून लाजले. आई लवकर गेली, तेव्हा या ताईनंच त्यांना लहानाचं मोठं केलं होतं.

पुढे दवाखान्यात गर्दी वाढली. काय एकेक नमुने पाहिले मी! आकडा वाढला की प्रत्येकाकडे कारण तयार. "जिना चढून आलो ना, म्हणून." "सकाळी सुनेशी वाजलं हो थोडं." डॉक्टरांना मात्र ऐकायला फुरसत नसे. पट्टा, आकडा, चिठ्ठी, चला पुढचे! एकदा एक निवृत्त मास्तर उठता उठता म्हणाले, "डॉक्टर, यंत्राकडे बघितलंत, कागदाकडे बघितलंत. माझ्याकडे बघायचं तेवढं राहिलं."

ते डॉक्टरांच्या जिव्हारी लागलं. त्यातच त्यांची स्वतःची झोप उडालेली, पोटात सतत जळजळ. गोळ्यांना कंटाळून ते शेवटी वनौषधी देणाऱ्या एका बाईंकडे काही दिवस जाऊन राहिले. परतले ते टवटवीत होऊन. तिथं म्हणे कुणीतरी पहिल्यांदाच त्यांना निवांत बसवून विचारलं होतं, की बाबा, तुला नेमकं होतंय काय?

मग दवाखान्याचं रूपच पालटलं. मोठं टेबल गेलं, वेताच्या दोन खुर्च्या आल्या. काढे, तेलं, श्वासाचे व्यायाम सुरू झाले. "यंत्र बघितलं की माणूस धसकतो, आणि धसक्यानंच आकडा चढतो," असं म्हणत त्यांनी मला काचेच्या कपाटात ठेवून दिलं. बोलण्यात तथ्य होतं, मी स्वतः तसं होताना पाहिलंय. तरी राग आला, कशाला लपवू! पण काचेतून बघायचो, तर डॉक्टर मनगट हातात धरून एकेकाचं मन लावून ऐकत बसलेले. माणसं रडायची, हसायची, हलकी होऊन घरी जायची. कित्येकांना शांत झोप लागायला लागली. हे सगळं मला हाताशी ठेवूनही करता आलं असतं, एवढंच माझं म्हणणं.

ताईला बीपीचा त्रास होता आणि गोळ्यांनी तिचे पाय सुजायचे. एक दिवस ती मुलीला घेऊन आली आणि खुर्चीत बसता बसता म्हणाली, "ढब्बू, या गोळ्यांतून सोडव रे बाबा मला. पाय बघ, नुसते खांब झालेत."

डॉक्टरांनी तिचं मनगट धरलं आणि डोळे मिटले. "ताई, नाडी किती शांत आहे तुझी! बीपीबिपी काही नाही तुला, तो दवाखान्याचा धसका होता. गोळ्या बंद. काढा घे आणि मी शिकवतो तसा श्वास घे."

नाडी शांत होती, ते खरंच. पण नाडी शांत असून दाब चढलेला मी त्यांना कितीदा तरी दाखवला होता. हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. बहिणीचे सुजलेले पाय बघवत नव्हते त्यांना, म्हणून तेवढं विसरायला झालं.

भाची घुटमळली. "मामा, एकदा यंत्र लावून तर बघ. ते काय, कपाटातच आहे."

"नको गं, पुन्हा भीती बसेल तिला. आणि डॉक्टर कोण, तू का मी?"

"गप गं," ताई म्हणाली, "मामाला कळतं."

अरे, काढा ना मला बाहेर! पण पट्टा बांधल्याशिवाय मला वाचा फुटत नाही, काय करणार?

ताईच्या पायांची सूज उतरली. भावाच्या हाताला गुण आहे, असं ती सगळ्यांना सांगत सुटली. अधूनमधून डोकं दुखायचं, ते तिनं अंगावर काढलं.

एका सकाळी भाचीचा फोन आला. डॉक्टरांनी कपाट उघडलं आणि मला काखोटीला मारून धावत सुटले. ताई स्वयंपाकघरात खाली पडली होती, तोंड एका बाजूला ओढलेलं. डॉक्टरांनी पट्टा बांधून फुगा दाबला. पारा चढला, आणखी चढला. एवढ्या वर थांबायची मला कधी नव्हे ती लाज वाटली. डॉक्टरांनी आकडा पाहिला आणि पट्टा सोडला. "माझ्या हातानं केलं गं मी हे," एवढंच ते भाचीला म्हणाले.

ताई वाचली. पण उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. शब्द डोळ्यांपर्यंत येतात, ओठांपर्यंत पोचत नाहीत.

आता माझा मुक्काम तिच्या उशाशी असतो. दवाखान्यात दुसरं यंत्र आलंय, आणि वेताच्या खुर्च्याही आहेत तिथंच. डॉक्टर रोज येऊन ताईचा दाब बघतात. पाय सुजणार नाहीत अशा दुसऱ्या गोळ्या दिल्यात तिला. तशा गोळ्या तेव्हाही मिळत होत्या.

बाबांनो, तुम्हाला ज्याच्या हाताचा गुण येतो त्याच्याकडे खुशाल जा. काढा घ्या, श्वास घ्या, मन मोकळं करा. पण आपल्या माणसाचा आकडा नावडता असला, तरी तो ऐकून घ्या. मी कुणाचा वैरी नाही हो.

परवा डॉक्टरांनी ताईच्या डाव्या दंडाला पट्टा बांधला आणि आकडा मोठ्यानं वाचला. अगदी हवा तसा होता. भाची दारातच उभी होती. "मामा, गोळ्या बदलून दिल्या असत्या, तर तेव्हाही असाच आला असता?"

"आला असता गं. नुसत्या गोळ्या बदलल्या असत्या ना, तर..."

ताईनं मला तसंच दंडाला घेऊन डावा हात कसाबसा उचलला, आणि त्यांच्या तोंडावर ठेवला.