खिडकीतलं उत्तर

मी बोलतोय. इकडं, फवारणीच्या पंपामागं बघा. लाकडी दारांचा, काळा-पांढरा, ग्रामपंचायतीचा जुना टीव्ही. आयुष्यभर दुसऱ्यांचंच बोललो. आज पहिल्यांदा स्वतःचं बोलतोय, तेव्हा मधेच कुणी बटण पिळू नका.

कारखान्यातला जन्म मला फारसा आठवत नाही. आठवतो तो परभणीहून ट्रकमधून बोरीकडं झालेला प्रवास आणि त्यापुढं बैलगाडीतून गाठलेलं हे गाव. गावाचं नाव सांगत नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीची गावं निर्धास्त होतात, आणि त्यांना तसं होऊ द्यायची माझी इच्छा नाही.

सरपंच दिनकररावांनी माझी पूजा केली. नारळ दगडावर फोडायचा, तो माझ्याच कोपऱ्यावर फोडला. ती खोक अजून आहे.

माझ्या अंगावर पांढऱ्या रंगानं 'सार्वजनिक' असं लिहिलं होतं. सार्वजनिक म्हणजे काय, ते मी लोकांच्या बसण्यावरून शिकलो. तुम्हाला वाटायचं, तुम्ही मला बघताय. अहो, मीही तुमच्याकडंच तोंड करून होतो! पुढं चार खुर्च्या, त्यामागं सतरंजी, भिंतीला टेकून बायका. बौद्धवाड्यातली माणसं बाहेर ओट्यावर, खिडकीच्या गजांआड. असा नियम कुणी केला नव्हता. केला असता तर तो मोडता तरी आला असता.

शनिवारी संध्याकाळी प्रश्नमंजूषा लागायची. खिडकीत सरजाबाईची पंचफुला उभी असायची. परभणीला कॉलेजात शिकत होती. प्रश्न संपायच्या आत खिडकीतून उत्तर यायचं, आणि पहिल्या खुर्चीतून दिनकरराव तेच मोठ्यानं म्हणायचे. मग सतरंजीवरचे लोक माना डोलवायचे, खुर्चीकडं बघून.

सत्त्याऐंशी साली त्याच कार्यक्रमासाठी पंचफुलाची निवड झाली. मुंबईला जाऊन चित्रीकरण करून ती परत आली. कार्यक्रम दिसायला अजून अवकाश होता, आणि निकाल कुणाला सांगायचा नाही अशी तिला ताकीद होती. गावानं खोदून खोदून विचारलं. ती नुसती हसायची. दिनकररावांनी दवंडी पिटवली की आपल्या गावची पोरगी टीव्हीवर दिसणार, झाडून सगळ्यांनी यावं. आपल्या गावची! हा शब्द या गावानं त्या घरासाठी पहिल्यांदा वापरला.

आदल्या दिवशी पंचायतीचा शिपाई भुजंग माझी काच पुसत होता. सरजाबाई दाराशी येऊन उभी राहिली.

"भुजंगदादा, उद्या ह्यो डबा बिघडू दे."

"आं? लेक दिसणार हाय तुझी. सगळं गाव वाट बघायलंय."

"म्हणूनच म्हणायलेय. शेवटचा सवाल औरंगाबादच्या इद्यापीठाचा होता. नाव काय म्हणून इचारलं. पोरगी बाबासाहेबांचं नाव सांगून आली."

भुजंगचा फडका काचेवर थांबला. "जितली का हरली?"

"हरली. हरल्याचं काय न्हाई, दादा. ह्याच नावापायी घर जाळलं आमचं. आत्ता कुठं डोक्यावर पत्रे आलेत. उद्या ती सगळ्या गावाम्होरं ते नाव घेणार. मग आमी कुठं ऱ्हायचं?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी केला. मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. सरकारनं पेटवणाऱ्यांकडं पाहिलं आणि ठराव बासनात गुंडाळला. कायदा करणाऱ्यांची ही छाती!

"माझ्याकडं नुसती किल्ली हाय, सरजाबाई," भुजंग म्हणाला. "मर्जी न्हाई. सरपंचानं हार सांगून ठिवलाय. डबा बिघडला तर आधी माझी नोकरी बिघडल. आता लाईटच गेली, तर माझा इलाज न्हाई."

"मग लाईटीलाच हात जोडते," सरजाबाई म्हणाली आणि गेली.

रोज नको त्या वेळी जाणारी वीज त्या शनिवारी जायचं नाव घेईना. खोली खचाखच भरली. दिनकररावांची म्हातारी चुलती, धुरपताबाई, कधी उंबऱ्याबाहेर न पडणारी, तीही आली आणि थेट माझ्यापुढं बसली. पंचफुला आईबरोबर नेहमीसारखी खिडकीत होती.

काचेवर पंचफुला दिसली. धुरपताबाईनं आधी मला बघितलं, मग खिडकीला.

"अगं, तू तर हितं हायस! मग तिकडं कोण बोलायलंय?"

खोली खदखदून हसली. भुजंग म्हणाला, "आज्जे, ते आधीच फोटू काढून ठिवलेलं हाय."

"फोटू कुठं बोलतो का रं, मुडद्या? दोन हायत, सरळ सांग की."

स्पर्धा रंगली. एकेक करून स्पर्धक मागं पडले, आणि शेवटच्या प्रश्नाला पुण्याचा एक मुलगा आणि पंचफुला बरोबरीत आले. प्रश्न आला. औरंगाबादच्या विद्यापीठाचं नाव सांगा. पंचफुलाची घंटा आधी वाजली. खिडकीत सरजाबाईनं डोळे गच्च मिटले.

काचेवर पंचफुलाचं तोंड उघडायला आलं आणि चित्र टुणकन उडी मारून पुढं गेलं. आता पुण्याचा मुलगा बोलत होता, "मराठवाडा विद्यापीठ." टाळ्या, करंडक, संपलं.

मुंबईत कुणीतरी कात्री चालवली होती. उत्तर चूक ठरवून दाखवलं असतं, तर निदान भांडता आलं असतं. त्यांनी ते उत्तर दिलं गेलं होतं, एवढंही शिल्लक ठेवलं नाही. आणि हे खोटं गावापुढं मांडायला काच कुणाची वापरली? माझी.

"घ्या! घंटा वाजवली अन् मुकी झाली!"

"आपल्याच इद्यापीठाचं नाव येईना व्हय? मग बुकं कशाला वाचायलीय?"

सरजाबाईनं डोळे उघडले. लेकीची चेष्टा चालली होती आणि तिच्या चेहऱ्यावर मात्र सुटका होती. आई असं तोंड का करते, हे त्या खोलीत फक्त भुजंगला आणि मला कळलं.

दिनकरराव हार घेऊन उठले. "हसायलाव काय रं? घाबरलं लेकरू. हरली तर हरली, आपल्या गावची हाय. ये पोरी, आत ये."

आत ये! पंचफुला दारातून आली, सतरंजी ओलांडून माझ्यापुढं लोकांकडं तोंड करून उभी राहिली. दिनकररावांनी हार उचलला. तिनं फक्त मान वाकवायची होती. घराचे पत्रे शाबूत राहणार होते, वर सरपंचाच्या हातचा हार. गप्प राहण्याचा इतका मोठा मान मी दुसऱ्या कुणाला मिळताना पाहिलेला नाही.

तेवढ्यात धुरपताबाई म्हणाली, "दिनकर, थांब की जरा. तिकडची गप बसली म्हणून काय झालं? ही हाय न्हवं हितं? हिला इचार."

पुन्हा हशा. दिनकररावही हसले. "बरं, काकी म्हणतेय तर सांग पोरी. काय नाव आपल्या इद्यापीठाचं?"

खिडकीतून सरजाबाई मान हलवत होती. नको, नको. पंचफुलानं आईकडं बघितलं.

"मी तिथंबी गप नव्हते, मामा," ती म्हणाली. "मी बोलले ते ह्यात दाखवलं न्हाई. ठराव झालेला हाय. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर विद्यापीठ."

माझ्यात पुढचा कार्यक्रम लागला होता, कपाशीवरच्या किडीचा. तेवढाच आवाज खोलीत होता. दिनकररावांनी हातातल्या हाराकडं पाहिलं, तो माझ्या डोक्यावर ठेवला आणि ते निघून गेले. खुर्च्या रिकाम्या झाल्या, मग सतरंजी. धुरपताबाई तेवढी बसून राहिली.

"अरे, बरोबर हाय का चूक, ते तर सांगा कुणी."

कुणी सांगितलं नाही.

घर जळलं नाही. पण त्या हंगामात सरजाबाईला कापूस वेचायला कुणी बोलावलं नाही. आग नसली की गाव स्वतःला सज्जन समजतं. हार माझ्यावरच वाळला. भुजंगनं तो काढला नाही. पुढच्या शनिवारी पंचफुला खिडकीशी आली नाही. दारातून आत आली आणि सतरंजीच्या कडेला बसली. काही जण उठून गेले. बाकीचे बसले. तिच्यामागून सरजाबाई आली, बिचकत, पण आली.

पुढं पंचफुला शिकायला औरंगाबादला गेली. पंचायतीत रंगीत टीव्ही आला, आणि मी या अडगळीच्या खोलीत. माझ्या पोटात आता उंदरांनी संसार थाटलाय. यंदा संक्रांतीला भिंतीपलीकडून त्या रंगीत भावानं बातमी वाचली. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव दिलं, पुढं मराठवाडा शब्द ठेवून. बौद्धवाड्यात हलगी वाजली. बाकीच्या गावानं बातम्या पूर्ण ऐकल्या, एवढंच म्हणतो.

मला खुशाल भंगारात घाला. पण त्या संध्याकाळची गोष्ट सांगताना अजून कुणी कुणी म्हणतं की पोरगी शेवटच्या प्रश्नाला अडखळली. मला नावं ठेवा, कात्रीवाल्याला ठेवा, तिला ठेवू नका. तुम्ही सगळे समोर होता. तुम्हाला ऐकताना मी पाहिलंय.

आणि एक काम करा. धुरपताबाई अजून आहे. तिनं विचारलेलं तसंच पडून राहिलंय. आता तिला कमी ऐकू येतं, तेव्हा जवळ जाऊन, जरा मोठ्यानं सांगा. बरोबर होतं.