पुसलेल्या ओळी

मावशींनी डाव्या हाताच्या दोन बोटांनी दोन बटणं एकदम दाबली, तसं पान वरपासून खालपर्यंत निळं झालं. मग उजव्या तर्जनीने तिसरं बटण दाबलं आणि पान कोरं झालं. झालं काम! मॅडमनी तासाच्या सुरुवातीला हे शिकवलं होतं आणि मावशींना ते पहिल्याच फटक्यात जमलं होतं. त्यांनी खुर्ची मागे सरकवली, चष्मा काढून डबीत ठेवला, आणि तेवढ्यात शेजारून लिफ्टवाले काका ओरडले.

"अरेच्चा! माझं सगळं गेलं की!"

"माझंही," मागून स्टोअरकीपर म्हणाला. "आत्ता लिहीत होतो. डोळ्यांदेखत गेलं."

"पाच आठवड्यांचं गेलं हो. सगळ्यांचंच गेलं," आणखी कुणीतरी म्हणालं.

मावशींनी चष्मा परत चढवला. खोलीत बारा पडदे होते आणि बाराही पांढरेफटक झाले होते. मॅडम फोन घ्यायला बाहेर गेल्या होत्या. काय झालं ते त्यांना कळलं नव्हतं, पण ते आपण केलं एवढं नक्की कळलं होतं.

त्या रुग्णालयाच्या निर्जंतुकीकरण विभागात होत्या. ऑपरेशनला लागणारे चिमटे, कात्र्या, सुया मोजायच्या, कापडात बांधायच्या, वाफेच्या मशिनमधून काढायच्या आणि पुडक्यावरची पट्टी काळी झाली आहे ना ते पाहून सही करायची; करडी राहिली तर वाफ पुरती लागलेली नसते. सव्वीस वर्षं हेच काम. तिथला पहिला नियम असा की एक संच बांधून झाला की टेबल कोरं करायचं, मागच्याचं काही म्हणजे काही पुढच्यात मिसळता कामा नये. सही झाली की टेबल रिकामं. हा नियम त्यांच्या हाडात इतका मुरला होता की घरी पोळ्या झाल्यावरही ओटा पुसल्याशिवाय त्या पहिला घास घेत नसत, आणि लेक चिडायची.

आता विभागात संगणक येणार होता. ज्यांना तो चालवता येईल ते राहतील, बाकीच्यांची सोय दुसरीकडे पाहू, असं पत्र फिरलं होतं. ही 'सोय' कुठे पाहतात ते सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून पाळी संपली की तिसऱ्या मजल्यावर 'संगणक आणि डिजिटल माध्यमांची तोंडओळख' हा आठ आठवड्यांचा वर्ग. मॅडम मावशींच्या लेकीपेक्षा दोनेक वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, परीक्षा नाही, फक्त दर आठवड्याला सगळ्यांच्या मिळून एका पानावर आपापलं मनोगत लिहायचं. काय शिकलो, काय वाटलं. शेवटी ते पान वाचून प्रमाणपत्र.

मावशींचं पहिल्या आठवड्याचं मनोगत असं होतं: 'आज मशीन चालू करायला शिकले. भीती वाटली. मग मशीन बंद करायला शिकले. बरं वाटलं.' यावर वर्ग हसला होता, मॅडमनी मात्र शाबासकी दिली होती. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी लिहिलं होतं की उंदीर म्हणतात तो उंदरासारखाच आहे, हवा तिथे थांबत नाही.

मॅडम असंही म्हणाल्या होत्या की तुम्ही लिहाल तसं ते आपोआप साठतं, वेगळं काही करावं लागत नाही. मावशींनी त्याचा सरळ अर्थ लावला. लिहिलं, साठलं, म्हणजे संच बांधून झाला. आता टेबल कोरं करायचं. रोज घाईत राहून जायचं, आज पुसायची युक्ती हाती आली होती. आपला पडदा म्हणजे आपलं टेबल, एवढीच त्यांची समजूत. आपण पुसलं की बारा टेबलं रिकामी होतात, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"कुणी काय दाबलं?" पहिल्या रांगेतून सिस्टरनी विचारलं. सिस्टर म्हणजे मावशींच्या विभागाच्या इन्चार्ज. आवाज चढवत नसत, त्यामुळे त्यांची जास्तच भीती वाटे.

मावशींनी दोन्ही हात मांडीवर घेऊन पदराखाली झाकले. बोलावं, लगेच बोलून टाकावं, असं त्यांना वाटत होतं, पण धीर होत नव्हता. बोललं की सिस्टर म्हणणार, वर्गात हे, मग विभागात काय करून ठेवाल? आणि मग विभागातलं सगळं निघणार.

"लिफ्ट अडकली की आतल्याचा आवाज तरी येतो," लिफ्टवाले काका म्हणाले. "इथे सगळेच गपगार."

मॅडम आत आल्या. बाकी सगळे एकदम बोलायला लागले. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि चक्क हसल्या.

"अहो, घाबरता काय? इथून काही जात नाही. बरं झालं, आज हेच शिकू."

मावशींचा जीव भांड्यात पडला. मॅडमनी भिंतीवरचा मोठा पडदा सुरू केला. कोऱ्या पानाच्या कडेला तारखांची लांबलचक यादी उघडली. मॅडमनी एका तारखेवर टिचकी मारली आणि गेलेलं सगळं भिंतीवर परत आलं. काकांनी टाळ्या वाजवल्या.

"हे बघा, मशिनला ज्याच्या त्याच्या कामाचं नाव दिलंय ना, त्यातल्या 'पॅकिंग'वरून सगळं निवडून पुसलंय. मावशी, तुम्ही का?"

"मी... आवरलं," मावशी म्हणाल्या. "उठायच्या आधी आवरून ठेवलं."

वर्गात हशा पिकला. त्यात राग नव्हता. मॅडम तर म्हणाल्या, सगळं निवडायला जमलं, म्हणजे लक्ष होतं. मावशीही हसल्या. सुटले, असं त्यांना वाटलं. ते सुख मोजून अर्धं मिनिट टिकलं.

"आणि यातली खरी गंमत सांगू?" मॅडम म्हणाल्या. "नुसतं पान परत येतं असं नाही. कुणी कधी काय लिहिलं, लिहून काय पुसलं, तेही सगळं राहतं. चला, चौथ्या आठवड्यात जाऊ."

मावशी पिशवी उचलून अर्धवट उठल्या.

चौथ्या आठवड्याचा प्रश्न होता, 'तुम्हाला काय अवघड जातं?' त्या दिवशी सगळे गेले होते, मॅडम पिशवी भरत होत्या, आणि मावशी एकट्या पडद्यासमोर बसल्या होत्या. काय अवघड जातं? इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. हाताने लिहिलं असतं तर धीर झाला नसता, पण ती अक्षरं आपली वाटत नव्हती, कुण्या परक्या बाईने लिहिल्यासारखी एकेक करून उमटत होती. दोन ओळी उमटल्या. त्यांनी त्या वाचल्या आणि एकेक अक्षर मागे जात त्यांनी दोन्ही ओळी पुसून टाकल्या. मग लिहिलं, 'जोडाक्षरं अवघड जातात.'

"मॅडम, उशीर होतोय," मावशी म्हणाल्या.

"दोनच मिनिटं, मावशी."

भिंतीवर चौथा आठवडा उघडला. पुसलेल्या ओळी लाल रंगात होत्या, त्यांच्यावरून आडवी रेघ. सर्वांत वर स्टोअरकीपरची ओळ होती: 'मॅडम इतक्या भरभर बोलतात की झोपही लागत नाही.' खोली हसून हसून लोटपोट झाली. स्टोअरकीपर कानापर्यंत लाल होऊन म्हणत होता, अहो पुसलं होतं मी ते, पुसलं होतं ना! मॅडम स्वतःही पोट धरून हसत होत्या. आणि त्याच पानाच्या तळाशी, वीतभर उंचीच्या अक्षरांत, मावशींच्या दोन ओळी होत्या.

'डाव्या डोळ्याने दिसत नाही, उजव्यापुढे डाग येतो. पट्टी करडी की काळी ते कळत नाही, अंदाजाने सही करते.'

भिंतीवरची अक्षरं एवढी मोठी होती की मावशींनाही ती स्वच्छ वाचता आली. त्यांनी एकेक डोकं पाहिलं. काका स्टोअरकीपरच्या पाठीवर थापा मारत होते. बाकीचे वर पाहत होते. खाली कुणाचंच लक्ष नव्हतं. फक्त सिस्टर हसत नव्हत्या. त्यांनी चष्मा काढला, ओढणीच्या टोकाने दोन्ही काचा सावकाश पुसल्या, आणि परत घातला नाही.

मॅडमनी पान बंद केलं.

वर्ग सुटल्यावर मावशी मुद्दाम शेवटी निघाल्या. सगळे लिफ्टने जातील, आपण जिन्याने जावं, असा त्यांचा बेत होता. जिन्याच्या वळणावर सिस्टर उभ्या होत्या.

मावशी थांबल्या. त्यांनी कठडा धरला.

"सिस्टर, तीन वर्षं राहिलीत माझी. लेकीचं शिक्षण व्हायचंय. मी डोळे दाखवणारच होते, पण एकदा कागदावर आलं की..."

"मी ते आज वाचलं नाही, मावशी," सिस्टर म्हणाल्या. "म्हणजे वाचलं. पण मला माहीत होतं."

मावशींनी कठड्यावरचा हात काढला.

"तुम्ही पट्टी नाकाशी नेऊन बघायला लागलात ना, तेव्हाच. चार महिने झाले. तुमची पाळी सुटली की मी दार लावून घेते आणि तुमचं एकेक पुडकं परत बघते. घरी उशिरा का येतेस म्हणून नवरा रोज विचारतो."

जिन्यावरून दोन वॉर्डबॉय बोलत बोलत खाली गेले. ते दिसेनासे होईपर्यंत दोघी भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. मावशींना एकच गोष्ट विचारायची होती आणि तिचं उत्तर ऐकायचं नव्हतं.

"किती चुकीची निघाली?"

सिस्टरनी वरखाली जिना पाहून घेतला.

"दोन."

मावशी पायरीवरच बसल्या. नोकरी, प्रमाणपत्र, लेकीचं शिक्षण, गेला तासभर ज्याची ज्याची भीती वाटली होती ते सगळं एकदम लहान होऊन बाजूला झालं. टेबलावर झोपवलेलं माणूस, त्याच्यावर हिरवं कापड, आणि आपण सही केलेलं पुडकं उघडणारे हात, एवढंच त्यांना दिसायला लागलं. हे मात्र फार स्पष्ट दिसत होतं.

"ती वर ऑपरेशनला गेली नाहीत," सिस्टर घाईने म्हणाल्या. "मी परत मशिनला लावली. कुणाला काही झालेलं नाही, मावशी. ऐकताय ना?"

"तुम्ही मला बोलला का नाहीत?"

"तुम्ही रडाल म्हणून," सिस्टर म्हणाल्या, आणि मग मान खाली घालून, "नाही, तसं नाही. लवकर सांगितलं नाही, म्हणून मग सांगायची भीती वाटायला लागली. रोज म्हणायचं, उद्या. पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतेय. त्यानंतर तुमची पुडकी कोण बघणार आहे?"

मावशींनी पदर खोचला. मग कठड्याला धरून उठल्या.

"मेट्रन असतील का अजून?"

"असतील."

"मी जाते. तुमचं नाव घेणार नाही मी. मेले तरी नाही घेणार. तुम्ही घरी जा."

सिस्टर मागोमाग आल्या. दुसऱ्या मजल्यावर मेट्रनच्या खोलीचं दार उघडं होतं. मेट्रन पाळ्यांचा तक्ता लावत बसल्या होत्या.

"काय मावशी, इकडे कुठे वाट चुकलात?"

मावशी उंबऱ्याच्या आत आल्या. बोलायला उशीर केला तर बोलणंच होणार नाही हे त्यांना पक्कं कळलं होतं, म्हणून त्यांनी एका दमात सांगून टाकलं.

"मला पट्टी दिसत नाही. अंदाजाने सही करते. दोन पुडक्यांवर चुकीची सही केली."

मेट्रननी पेन खाली ठेवलं.

"किती दिवस चाललंय हे?"

मावशींनी तोंड उघडलं, पण मागून सिस्टर आधी बोलल्या.

"चार महिने. मला माहीत होतं."

मेट्रननी मावशींकडे पाहिलं, मग बराच वेळ सिस्टरकडे.

"दार लावून घ्या," त्या म्हणाल्या.

दार लावायला दोघी एकदमच वळल्या.