वाळवणाची जागा

टिण्. वाटीत मणी पडला. पडवीत दुसरा आवाज नव्हता. माझी लेक शमिका वाटीवर वाकून बघत होती. ओल्या फडक्याने मी पुढचा मणी पुसला आणि तोही स्टीलच्या वाटीत टाकला. सहा काळे, तीन पांढरे. काचेचे, मुगाएवढे. शमिका पाच दिवसांची असताना सासूबाईंनी तिच्या हातात मनगटी बांधली होती, ती अशीच होती. दोन काळे, एक पांढरा, पुन्हा दोन काळे.

सकाळी मला फक्त खड्डे काढायचे होते.

आमच्या घराला झाडांची उणीव नाही. पुढे दोन हापूस, मागे फणस, न्हाणीपाशी माड. उणीव आहे ती उन्हाची. दिवसभर ऊन पडेल अशी जागा एकच, गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कोपऱ्यात, दोन चटया मावतील एवढी. गेल्या वर्षी नर्सरीतले गुलाब आणून मी त्या जागेच्या कडेने लावले, तर मे महिन्यात खालचा जांभा दगड तापला आणि ते उभे भाजले. तेव्हाच ठरवलं, सड्यावर, वरच्या कातळाच्या पठारावर, कुणी पाणी न घालता जे जगतं तेच आणायचं. शमिकाला घेऊन हिंडले आणि पिशव्यांत रोपं धरली. धायटी, पिवळी कोरांटी, कुडा, आणि मालनकाकींच्या अंगणातली अबोली.

पण त्या जागेवर वाळवण असायचं. उन्हाळ्यात आमसुलं, थंडीत कुळीथ, आणि वाळवायला काही नसलं तरी सासूबाई रिकामी चटई उन्हाला घालायच्या. एकदा चुकून मी चटईवर पाय दिला तर दोन दिवस बोलल्या नव्हत्या.

"तिथे नको गो. दुसरीकडे लाव."

"दुसरीकडे सावली आहे, आई."

"मग सावलीतलं लाव."

चार वर्षं हेच. मला वाटायचं, घर त्यांचं आहे एवढं मला दाखवून द्यायचं असेल.

आज त्या पहिल्या एसटीने जयगडला आणि फेरीबोटीने पलीकडे हेदवीला, माहेरी, साखरपुड्याला गेल्या. मी चटई गुंडाळली आणि पहार काढली. गडग्यापलीकडून मालनकाकी म्हणाल्या, "सासू बोटीत बसली नाय तोवर हिचं राज्य सुरू."

"आता खड्डे उन्हात तापले नाहीत तर पावसात काय लावू, काकी?"

"लाव हो. संध्याकाळी ती तुझंच वाळवण घालील."

हसले मी. कडेला पहार मारली की नुसती खणखणत होती, वीतभर कातळ फोडायला अर्धा तास. मधोमध मारली, तर ती भातात हात जावा तशी आत गेली. मला आनंद झाला, हे सांगायलाच हवं. एवढी मऊ माती आणि ती आमच्या अंगणात. दोन्ही हातांनी उपसत गेले. हातभर खाली मंगलोरी कौल लागलं, पालथं घातलेलं. ते अलगद उचललं. खाली मातीच होती. शमिकाने त्यात बोट घातलं आणि म्हणाली, "आई, माझे मणी."

तेव्हा डोक्यात उजेड पडला. कातळात माती आपणहून होत नाही. कुणीतरी तो फोडला होता आणि बाहेरची माती आणून भरली होती. माझ्या नखांत ती होती. मी हात धुतले, पुन्हा धुतले.

चार वाजता सासूबाई आल्या. पायऱ्या चढायच्या आधी त्यांनी कोपऱ्याकडे बघितलं. पिशवी हातातच राहिली.

"कौल मोडलंस?"

"नाही."

त्या पायरीवर बसल्या. मी वाटी पुढे केली. त्यांनी मण्यांना हात लावला नाही, नुसतं बघत राहिल्या.

"नऊ दिवसांची होती. केतनच्या आधीची."

केतन म्हणजे माझा नवरा. लग्नाला सात वर्षं झाली, या घरात मी बाळंत झाले, आणि हे माझ्या कानावर नाही. मी विचारलं, "ह्यांना माहीत आहे?"

"नाय. बारसंच झालं नव्हतं, तर काय नाव घेऊन सांगायचं?" त्या पदराने हात पुसत राहिल्या. "एवढ्या तान्ह्याला जाळत नाहीत. तुझे सासरे आणि आमचा गडी भिकाजी, दोघांनी दुपारपर्यंत कातळ फोडला. शेतातली माती आणून भरली."

"पण तिथे का?"

"श्रावणातली होती. भिंतींना ओल, चुलीपाशी ठेवली तरी अंग गारच. गारठून गेली. मी म्हटलं, निदान उन्हात ठेवा."

"आणि वाळवण?"

"वाळवणावर पाय देत नाय कुणी."

त्या दिवशी चटईवर दिलेला पाय आठवला, आणि उठून कुठेतरी जावंसं वाटलं. म्हटलं, "आई, मी आत्ता बुजवते. तिथे काही लावणार नाही."

सासूबाई वाटी घेऊन उठल्या, खड्ड्यापाशी मांडी घातली, मणी एकेक करून ठेवले, वर कौल पालथं घातलं. माती मी लोटायला गेले तर माझा हात बाजूला केला. सगळी स्वतः लोटली. मग माझ्या पिशव्यांकडे वळल्या.

"कुडा नको, वाढला की सावली धरील. धायटी मुळं लांब सोडते. ही अबोली दे. ही उन्हाच्या आड येत नाय."

"केतनना मी सांगू?"

"रविवारी लोट्याच्या कंपनीतून घरी येऊ दे. माझं मीच सांगीन."

अबोली लावून झाली. शमिकाने तांब्यातलं पाणी घातलं, अर्धं स्वतःच्या पायावर.

"आजी, खाली बाळ आहे?"

"होय बाय."

"बाबांच्या आधीचं?"

"होय."

"आणि नऊच दिवसांचं?"

सासूबाईंनी मान हलवली. शमिकाने बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग माझ्याकडे वळली.

"आई, मग ती मोठी की मी?"