कानाला न कळणारं

लक्ष्मीकांतांनी हेडफोन काढून टेबलावर आपटला.

“शी! हे अण्णांचं गाणं? चोथा आहे नुसता.”

सुश्रुतने लॅपटॉपवरून नजर उचलली नाही. सिटी सेंटरमधली नोकरी सांभाळून, तीन महिन्यांचे रविवार घालून त्याने मामाच्या चाळीस कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवल्या होत्या. आता त्या कशात जपून ठेवायच्या, एवढंच ठरायचं होतं.

“मामा, एमपी-थ्रीमध्ये फाईल छोटी होते. जे कानाला कळतच नाही, बस तेवढंच काढून टाकतं ते.”

“आणि काय कळत नाही ते ठरवणारा हा कोण टिकोजीराव?”

लक्ष्मीकांतांना मनापासून शिसारी आली. नया बाजारातल्या घरी वडिलांची, अण्णांची, गाण्याची बैठक असली की रेकॉर्डर तेच सांभाळायचे. कुणाचा खोकला नाही, कपबशीचा आवाज नाही, निव्वळ गाणं. वीस वर्षांच्या त्या राखणीचा पोराने भुगा करून ठेवला होता.

“त्या फ्लॅक फाईलमध्ये ठेव सगळं. कणभरही जाता कामा नये.”

“जागा बहुत लागेल.”

“लागू दे.”

सुश्रुतची आई दुर्गा इतका वेळ दारात उभी होती. ती भावाला म्हणाली, “दादा, मला एवढं सगळं नको. आईचा आवाज असलेली एक कॅसेट तेवढी दे.”

दोघा भावंडांची आई अण्णांच्या मागे तानपुऱ्यावर बसायची. उतारवयात अण्णा बंदिशीचे शब्द विसरत. ती पुढे वाकून हळूच सांगायची. तिला जाऊन अकरा वर्षं झाली होती. तिचा आवाज दुसरा कुठेच नव्हता.

“असेल की. लाव रे,” लक्ष्मीकांत म्हणाले.

सुश्रुतने मूळ उतरवलेलं गाणं स्पीकरवर लावलं. अण्णांनी अंतरा उचलला, अडखळले. मग खट्ट असा आवाज झाला आणि अण्णा पुढची ओळ गाऊ लागले. दुसरी कॅसेट लावली, तिच्यातही तेच. पाचवीतही तेच.

“ये क्या है? सगळीकडे आहे हे. एमपी-थ्री करताना मी साफ केलं होतं.”

लक्ष्मीकांतांच्या बोटाला ते आधी आठवलं. पॉजचं बटण. आई पुढे वाकली की दाबायचं, अण्णांनी ओळ धरली की सोडायचं. गाणं खराब होऊ नये म्हणून. त्यांना स्वतःचीच किळस आली. ते बोट लेंग्याला पुसत राहिले.

“एकाही कॅसेटवर नाही?” दुर्गाने विचारलं.

ती खुर्ची ओढून स्पीकरजवळ बसली.

“फ्लॅकमध्ये ही खटखट पण राहील, मामा,” सुश्रुत म्हणाला. “काढून टाकू?”

“राहू दे,” लक्ष्मीकांत म्हणाले. “तिथे आई आहे.”