मी कोणत्या कपाटातला?

मी भुईमूग-कृमी. नाव ऐकून हसू नका. भिऊन अंग आवळले की मी सोललेल्या शेंगदाण्यासारखा दिसतो, यात माझा काय दोष?

समुद्रकाठच्या खडकाच्या चिरेत, गाळात अर्धे अंग पुरून मी राहत असे. सोंड बाहेर काढावी, गाळ गिळावा आणि चाहूल लागताच ती मोज्यासारखी उलटी आत ओढावी, हा माझा दिनक्रम. माझे गुदद्वार शेवटाकडे नसून पाठीवर, पुढच्या बाजूस आहे. म्हणूनच की काय, माझे मागचे-पुढचे विद्वानांना लवकर उमगले नाही. कोणी माझ्या घराण्याला समुद्रकाकडीच्या पंगतीस बसवले, कोणी बेवारशी कृमींच्या मोळीत बांधले. अखेर प्राणिसृष्टीच्या वर्गवारीत आम्हांला स्वतंत्र संघ मिळाला. कारण सरळ होते : गांडुळाला वलये असतात, आम्हांला नसतात.

एका ओहोटीला महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंनी मला खणून काढले. त्या दिवशी त्यांच्याजवळचे, नमुने टिकवायचे नेहमीचे फॉर्मॅलिन संपले होते, म्हणून मला नुसत्या स्पिरिटात ठेवावे लागले. नोंदवहीत त्यांनी लिहिले, 'गलथानपणा माझा.'

माझ्यासाठी बाईंनी वेगळे कपाट केले. पाठ्यपुस्तकात आमच्या संघावर वेगळे प्रकरण लिहिले. तीस वर्षे त्या तेच शिकवीत आल्या.

यंदा नव्या आवृत्तीचे मुद्रित त्या तपासत होत्या, तेव्हा प्रयोगशाळेत काम करणारी त्यांची मुलगी आली.

"आई, याचा एक तुकडा हवाय. डीएनए तपासून जगभर म्हणतायत, यांचा संघ वेगळा नाहीच; आपलाही तपासू. बाकीचे सगळे फॉर्मॅलिनमधले. त्यांचा डीएनए खराब झालाय. हा एकटाच कामाचा."

"माझं प्रकरण बुडवायला माझाच नमुना? धन्य गं बाई!"

"नको देऊस मग. छापू दे तसंच."

बाईंनी माझ्या बरणीचे झाकण फिरवून काढले. मग म्हणाल्या, "सरक. तुला धड कापता यायचं नाही." आणि त्यांनी स्वतःच चिमटा-कात्री उचलली.

महिन्याने उत्तर आले. जगभरच्या नमुन्यांनी जे सांगितले होते, तेच माझ्या तुकड्यानेही सांगितले : आम्ही वलयी संघातलेच, गांडुळाचे सख्खे भाऊ नव्हे, पण त्याच वंशाची फार जुनी फांदी.

"अगं, पण वलयं कुठंयत?" बाईंचा आवाज चढला.

"पूर्वजांना असावीत. याच्या काही भाईबंदांच्या पिल्लांत मज्जारज्जू आधी वलयांसारखाच खंडाखंडांनी घडतो, मग ती खूण पुसली जाते. मोठ्या झालेल्याला उघडून तुला कशी दिसणार?"

बाईंनी मुद्रित पुढे ओढले आणि सोळा पानांवर तिरप्या रेघा मारल्या.  

दुसऱ्या दिवशी मला गांडूळ आणि जळू यांच्यामध्ये ठेवून त्यांनी वर्ग घेतला. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, गेल्या वर्षीच्या वहीत तर वेगळा संघ आहे."

"गेल्या वर्षी मी चुकीचं शिकवलं. वह्या उघडा."

कोणीतरी खुसखुसले.  खडू फळ्यावर टेकला आणि वह्यांची पाने उलटू लागली.

आता मी गांडूळ-जळवांच्या या कपाटात आहे. शेजार जरा बुळबुळीत आहे, पण घरचा आहे. कधी आलात, तर माझ्या अंगावर वलये शोधत बसू नका. माझे नातेवाईक कोण, ते विचारा.