मुलुंडच्या दवाखान्यातलं भिंग

मित्रांनो, मी एक जुनं भिंग आहे, मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेलं. मुलुंडच्या त्वचारोगतज्ज्ञ डॉ. नादिया रोझारिओ यांच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. त्या शिकत असताना त्यांच्या वडिलांनी मला आणलं. पुढे चकचकीत यंत्रं निघाली, तरी बाईंनी मला अडगळीत टाकलं नाही. त्यांचे उपकार मी कसे विसरू?

एकदा नाहूरची प्रांजल आली. तिच्या हातांवर लालसर, गोल चट्टे होते. ती शाळेत कबड्डी खेळायची. पण साखळी करायची वेळ आली की शेजारच्या मुली तिचा हात धरेनात. संघाची निवड तोंडावर आलेली आणि पोर रडवेली झालेली.

तिचे बाबा दशरथ माझ्याकडे बघून नाक मुरडत म्हणाले, "मशीन नाय काय तुमच्याकडे? स्टेशनजवळच्या स्किन सेंटरवाल्याकडे लेझर आहे. एका सिटिंगमध्ये साफ करतो बोलला."

खरं सांगायचं तर मला राग आला. बाई मात्र शांत होत्या.

"मग जा की. फक्त विचारा, त्वचेचं शिक्षण कुठे घेतलंत, आणि या रोगाचं नाव काय. मलाही विचारा."

दशरथ खुर्चीत टेकले. नाव त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

बाईंनी मला प्रांजलच्या हातावर धरलं, तर वर मलमाचा पांढरा थर! पाहुणे यायच्या आधी घर आवरावं, तसं आईने सकाळीच ते चोपडलं होतं. शेजारणीने सांगितलं, असं म्हणत दशरथांनी त्याची ट्यूब पुढे केली. बाईंनी ती वाचली, हात पुसला आणि मला सगळं स्वच्छ दिसलं.

"हा गजकर्ण, बुरशीमुळे होणारा रोग. शेजारणीने सांगितलेल्या या मलमात स्टेरॉइड आहे. खाज दबते, बुरशी पसरते. घरात अजून कुणाला आहे?"

"कुणाला नाय," दशरथ कंबर खाजवत म्हणाले.

"बाबा, दाखवा ना. तुमचं राहिलं तर माझं परत येणार."

लेकीसाठी त्यांनी लाज गिळली आणि शर्ट वर केला. घरात सगळ्यांना मिळून टॉवेलही एकच होता.

"मग, लेझरवाल्याकडे जाताय?" बाईंनी विचारलं.

"नाय. औषध तुमचंच लिवा, दोघांना पण."

औषध बरेच आठवडे चाललं. ती निवड हुकलीच. पण दिवाळीनंतर प्रांजल पुन्हा मैदानात उतरली, हे दशरथांनीच येऊन सांगितलं. त्या दिवशी जाताना त्यांनी मला रुमालाने पुसलं. मला फार बरं वाटलं.

मित्रांनो, अंगावर काही उठलं तर लपवू नका, ऐकीव मलमं चोपडू नका. नीट बघणारा, विचारणारा डॉक्टर शोधा. आणि ज्याला झालंय त्याला दूर लोटू नका.

परवा प्रांजल पुन्हा आली, एका मुलीला हाताला धरून. तिच्या मानेवर चट्टा होता.

"मॅडम, ही स्वरदा. साखळीत माझा हात धरायची नाय ना, तीच. हिला बघा. आणि हिने काय लावलं नाय हां, मी लावूच दिलं नाय."