अर्जदार घरी भेटल्या

बँकेच्या मुळेसाहेबांनी फाइल फिरवून अश्लेषापुढे सरकवली आणि टोपण काढून आपलं पेन तिच्या हातात दिलं.

"इथे साइन करून टाका. काम झालंच समजा."

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, तशी या गृहकर्जाला आली होती. त्यामुळे 'काम झालं' हे शब्द ऐकूनही अश्लेषाला लगेच आनंद झाला नाही. आठ वर्षं ती एका खाजगी कॉलेजच्या प्रयोगशाळेत होती. एप्रिलमध्ये कॉलेजनं अर्धा स्टाफ एका एजन्सीच्या हवाली केला. खुर्ची तीच, काम तेच, उशीर झाला की घड्याळाकडे बघणारे प्राचार्यही तेच. फक्त पक्की नोकरी अकरा महिन्यांच्या कंत्राटावर आली. बँकेनं चौकशीचा फोन केला, तेव्हा ऑफिसातल्या बाईंनी समोर उभ्या असलेल्या अश्लेषाकडे बघत सांगितलं, की या नावाचं इथे कोणी नाही. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, काय करणार, रजिस्टरमध्ये नावच नाही. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत अश्लेषा कोणी हाक मारतं का याची वाट बघत होती.

मुळेसाहेब भला माणूस. त्यांनी एजन्सीचं पत्र चालवून घेतलं होतं. घराच्या तपासणीचा रिपोर्ट चांगला आलाय, पण सही आजच हवी, असं त्यांनी समजावलं. उद्यापासून नवा नियम लागणार होता: कंत्राटी नोकरीला सलग एक वर्ष झालेलं पाहिजे. अकरा महिन्यांच्या कंत्राटाला वर्ष कसं व्हायचं, हे तो नियम करणाऱ्यालाच ठाऊक. तिचा नवरा श्रीनाथ घरी तबल्याच्या शिकवण्या घेई. बँकेच्या लेखी ती कमाईच नव्हती. तेव्हा सगळी भिस्त अश्लेषाच्या पगारावर. श्रीनाथ आत्ता आधारकार्डाची फोटोकॉपी आणायला टावर चौकात गेला होता आणि जाताना चक्क शीळ घालत गेला होता.

वाचल्याशिवाय सही करू नये, हे तिच्या वडिलांचं वाक्य. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये जन्म काढलेला माणूस. निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर एक भिंतही नव्हती. अश्लेषा वाचू लागली.

मंगळवार, दुपारी सव्वाबारा. अर्जदार घरी भेटल्या. घर नीटनेटकं. राहणारे सदस्य : एक.

मंगळवारी सव्वाबाराला ती प्रॅक्टिकल घेत होती. तिनं वर पत्ता पाहिला. तो त्यांच्या भाड्याच्या घराचा नव्हता, जो फ्लॅट घ्यायचा होता त्याचा होता. नानाखेड्याची नवीकोरी इमारत, तिसरा मजला. अजून वीज आली नव्हती आणि किल्ली बिल्डरकडे होती.

"तिथे कोणी राहतच नाही," ती म्हणाली. "कुलूप आहे."

फाइलमध्ये दोन पत्ते असतात, माणूस चुकून दुसऱ्यावर गेला असेल, मुळेसाहेब म्हणाले. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही. तिच्या समाधानासाठी त्यांनी तपासणीवाल्या चौरसियाजींना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"सर, मैडम ने ही दरवाज़ा खोला था," पलीकडून थकलेला, सज्जन आवाज आला. "धूप से आया था तो पानी के साथ गुड़ भी दिया. आप महाराष्ट्रियन लोगों में देते हैं न."

अश्लेषाच्या घरी अजून देतात.

"मैंने पूछा, भाईसाहब घर पर हैं? कुछ बोलीं नहीं. दीवार पर हार चढ़ी फोटो थी, बस उधर देखा."

मुळेसाहेबांनी घाईनं फोन बंद केला. हे लोक एका चक्करमध्ये दहा घरं करतात, कुठल्या घरची गोष्ट कुठे जोडली असेल, असं म्हणत त्यांनी रिपोर्टमागचा फोटो उलगडून दाखवला. तारीख, वेळ, पत्ता, सगळं कोपऱ्यात छापलेलं होतं.

दार तेच होतं. पण कडीभोवतीचा रंग हातांनी झिजून गेलेला, आणि उंबऱ्याबाहेर चपलांचा एकच जोड. दारातल्या बाईच्या अंगावर भैरवगढ छपाईची निळी साडी होती. वास्तुशांतीला नेसायची म्हणून अश्लेषानं तशीच साडी मागच्या महिन्यात घेतली होती. तिची घडीही मोडली नव्हती. फोटोतली साडी धुऊन धुऊन विटली होती. बाईचे केस पांढरे होते, कपाळ मोकळं होतं, आणि चेहरा अश्लेषाचा होता. कर्ज वीस वर्षांचं होतं.



तेवढ्यात श्रीनाथ घामाघूम होऊन आला. सही झाली नाही हे बघून त्यानं विचारलं, की आता काय राहिलं. मुळेसाहेबांनी घोटाळा थोडक्यात सांगितला. फोनवरचं शेवटचं वाक्य त्यांनी गाळलं. श्रीनाथनं वाकून फोटो पाहिला. अश्लेषाचा तळवा रिपोर्टच्या सदस्यांच्या ओळीवर पालथा पडलेला होता.

"तूच तर आहेस गं," तो म्हणाला. "उजेडानं केस पांढरे दिसतायत, बस. कर ना साइन."

तिला ते घर हवं होतं. स्वयंपाकघराची पूर्वेची खिडकी, वडिलांचा फोटो लावायची भिंत, सगळं मनात मांडून झालं होतं, आणि ते हातचं जाणार म्हणून तिला रडू येत होतं. तिनं पेनाला टोपण लावलं.

"ही मी नाही."

"मॅडम, विचार करून घ्या," मुळेसाहेब हळू आवाजात म्हणाले. "पुन्हा तपासणी मतलब उद्याचा नियम. मग माझ्या हातात काही नाही राहणार."

"ठाऊक आहे मला," अश्लेषा म्हणाली. "लिहा तुम्ही, की अर्जदार घरी भेटल्या नाहीत."

श्रीनाथ भराभर पायऱ्या उतरला. स्कूटर काढली, ती दोनदा किक मारूनही सुरू होईना, तेव्हा त्याचा राग बाहेर आला.

"तोंडाशी आलेला घास घालवलास. का, एवढं तर सांग."

"एकटीला फार मोठं झालं असतं ते घर."

"एकटीला कशाला? मी काय कुठे पळून जातोय?"

ती मागे बसली, गाडी हळू चालव म्हणाली, आणि दोन्ही हातांनी त्याच्या कमरेला घट्ट धरलं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. फ्रीगंजच्या भर बाजारात तिनं असं कधी केलं नव्हतं.